नॅसकारमधला क्रू चीफ व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

पेठनाक्याचा_पाना

नमस्कार मंडळी. मी कराडला ऑटोमोबाईल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर वाळवा तालुक्यात, आणि सुट्टी लागली की पेठ नाक्यावर मामाच्या गॅरेजात असतो. विषय जरा वेगळाय, हसू नका. मला अमेरिकेतल्या नॅसकार रेसचं याड लागलंय. आपल्याकडं सगळे एफ वन बघतात, इकडं गोल गोल फिरणाऱ्या गाड्या म्हटलं की पोरं म्हणतात यात काय बघायचं, डावीकडंच तर वळतात. पण मला ड्रायव्हर व्हायचंच नाही, त्याला लागणारा पैसा आमच्या सात पिढ्यांकडं नव्हता. मला आवडतो तो पिटमध्ये (रेस चालू असताना गाडी थांबवून टायर-पेट्रोल बघतात ती जागा) उंच स्टँडवर कानाला हेडसेट लावून बसलेला माणूस, क्रू चीफ. यूट्यूबवर त्याचं आणि ड्रायव्हरचं रेडिओवरचं बोलणं ऐकायला मिळतं. ड्रायव्हर बोंबलत असतो की गाडी वळंना, आणि हा एकदम थंड, बरं ये आत, मग कुठंतरी पाना फिरतो, हवा कमी-जास्त होते आणि दहा सेकंदात गाडी बाहेर, आणि पुढच्या वीस लॅपला तीच गाडी चार जणांना मागं टाकते. हे काम मला करायचंय.

तर विचारायचं असं की हा माणूस नक्की काय काय करतो, तिथपर्यंत लोकं पोचतात कशी, डिग्री लागते का हातातलं काम लागतं, आणि आपल्याकडून कुणी तिकडं गेलंय का? मामा म्हणतो आधी अल्टोचा क्लच नीट बसवायला शिक. आई म्हणते सरकारी भरतीचं बघ. तुम्ही तरी सरळ सांगा.

---

शार्लोटचा_सांगलीकर

भावा, मी विश्रामबागचा, वालचंदचा पासआउट, सध्या शार्लोटला सॉफ्टवेअरमध्ये आहे. रेसिंगमध्ये नोकरी नाही माझी, आधीच सांगतो, पण नॅसकारच्या बहुतेक टीम इथंच आजूबाजूला आहेत, कॉनकॉर्ड, मूर्सव्हिल, हंटर्सव्हिल, त्यामुळं इथं राहून हे वेड लागल्याशिवाय राहत नाही. तू विचारलंयस तर जरा लांबण लावतो.

आधी काम काय ते. मोठ्या सिरीजला, म्हणजे कप सिरीजला, वर्षात पॉइंट्सच्या ३६ रेस असतात, फेब्रुवारी ते नोव्हेंबर, जवळजवळ दर आठवड्याला. एका गाडीचा सगळा कारभार एका क्रू चीफकडं. कुठल्या ट्रॅकला कुठला सेटअप, कुठले स्प्रिंग, किती हवा, दुकानात, म्हणजे टीमच्या वर्कशॉपात, कोण कशावर काम करणार, रेसमध्ये आत कधी यायचं, दोन टायर का चार, का नुसतं पेट्रोल, सगळं शेवटी त्याच्या सहीचं. आणि ट्रॅक एकासारखा एक नाही. मार्टिन्सव्हिल अर्ध्या मैलाचा, डेटोना अडीच मैलाचा आणि वळणावर ३१ अंशाचं बँकिंग, डार्लिंग्टन तर अंड्याच्या आकाराचा, कारण जमीन देणाऱ्याला त्याचं मासे पाळायचं तळं हलवायचं नव्हतं म्हणून एका बाजूचं वळण आवळून घेतलं. आता अशा ट्रॅकला दोन टोकांना गाडी वेगळी वागते, एकीकडं बरोबर केली की दुसरीकडं बिघडते, मग कुठं किती सोसायचं हे ठरवणं म्हणजे क्रू चीफचं काम.

तू जो पाना फिरताना बघतोस तो बहुतेक वेजचा. मागच्या काचेतून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा बोल्ट फिरवतात. गाडी डावीकडं वळणार आहे हे धरून चाल. मागचं डावं आणि पुढचं उजवं अशा तिरक्या जोडीवर वजन वाढवलं की गाडी टाईट होते, म्हणजे नाक वळत नाही. कमी केलं की लूज, म्हणजे शेपूट सुटायला बघते. इथला जुना जोक आहे की टाईट म्हणजे भिंतीला पुढून धडकणार, लूज म्हणजे मागून. ड्रायव्हर फक्त एवढंच सांगतो, थर्ड-फोर टर्नमध्ये मधे टाईट, बाहेर पडताना लूज. त्यावरून बोल्टचा अर्धा फेरा का एक फेरा, का नुसती एका टायरची हवा, हे काही सेकंदात सांगायचं. आणि ड्रायव्हरला खरंच गाडीचा त्रास आहे का तो नुसता चिडलाय हे पण ओळखायचं.

पिवळा बावटा आला, म्हणजे अपघात वगैरे होऊन सगळ्यांना हळू जायला लावलं, की तर मजाच. सगळी गाड्यांची रांग एकत्र येते. पुढं असलेला आत गेला तर मागचे बाहेर थांबतात, तो थांबला तर मागचे आत येतात, म्हणजे एक नंबरवरच्या क्रू चीफला आधी ठरवायला लागतं आणि बाकीचे त्याच्या उलटं करतात. म्हणून पुढं असणं कधी कधी तोट्याचं पडतं.

पोचतात कसं? दोन वाटा आहेत. जुनी वाट झाडू मारण्यापासून. स्टीव्ह लटार्ट शाळेत असताना हेंड्रिक टीमच्या दुकानात पार्टटाईम झाडलोट करायचा, पुढं जेफ गॉर्डनचा क्रू चीफ झाला, नंतर डेल अर्नहार्ट ज्युनिअरबरोबर २०१४ ची डेटोना ५००, नॅसकारची सगळ्यात मोठी रेस, जिंकला. चॅड नाउस तर पोरवयापासून बापाच्या रेसिंग गाडीवर काम करायचा, मग गॉर्डनच्या पिट क्रूमध्ये टायर बदलायचा, आणि नंतर ड्रायव्हर जिमी जॉन्सनबरोबर सात टायटल, म्हणजे वर्षाच्या चॅम्पियनशिप, त्यात २००६ ते २०१० अशी सलग पाच. एवढी सलग कुणाचीच नाहीत. दुसरी वाट इंजिनिअरची, आणि आता बहुतेक त्याच वाटेनं येतात, ते पुढं लिहितो, जेवायला बोलावतायत.

---

एमआयडीसी_मिस्त्री

साताऱ्याहून. आयुष्य गॅरेजात गेलं म्हणून बोलतो, नॅसकार मी पोराच्या मोबाईलवर थोडं बघितलंय.

बाळा, वरच्या साहेबांनी सगळं बरोबर सांगितलं पण मला विचारशील तर हे आपल्याकडं नवीन नाही. बैलगाडा शर्यत बघतोस ना? बैल पळतात, हाकणारा हाकतो, नाव मालकाचं होतं. पण कुठला बैल कुणाच्या जोडीला जुंपायचा, कोण डावीला चांगला, कोण लांबच्या पल्ल्याला दमतो, कालच्या मैदानाला पळालेला बैल आज काढायचा का नाही, हे ठरवणारा एक माणूस असतो. पुसेगावच्या मैदानात त्याला सगळे ओळखतात आणि पेपरात त्याचं नाव कधी येत नाही. तोच तुझा क्रू चीफ.

आणि हे हातातून येतं. पुस्तकातून येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं गाडी ओढते, आता ओढते म्हणजे काय, हवा कमी, ब्रेक चिकटतोय, बुश गेलाय, का रस्त्याचा उतार आहे? गिऱ्हाईकाच्या तोंडून खरं काढणं हे अर्धं काम. ते तू मामाकडं शिकतोच आहेस, क्लचला नाव ठेवू नको.

पोरानं एक वाचून दाखवलं, स्मोकी युनिक म्हणून एक जण होता, डेटोनालाच त्याचं स्वतःचं गॅरेज. पेट्रोलच्या टाकीला नियम होता पण नळीला नव्हता, तर त्यानं म्हणे ११ फूट लांब, २ इंच जाड नळी गुंडाळून बसवली आणि नळीतच जास्तीचं पेट्रोल नेलं. ह्याला म्हणतात मिस्त्री!

---

शार्लोटचा_सांगलीकर

काका, उदाहरण एक नंबर, पण बैल डेटा पाठवत नाही 😄

युनिकचा किस्सा इकडं पण सगळे मिटक्या मारत सांगतात, पण ते दिवस गेले. २०२२ पासून नेक्स्ट जेन म्हणून गाडी आलीय, बरेचसे पार्ट ठरलेल्या एकाच सप्लायरकडून सगळ्या टीमनी घ्यायचे आणि आहेत तसे बसवायचे. त्याच वर्षी ब्रॅड केसेलोस्कीच्या टीमनं एका पार्टमध्ये फेरफार केला म्हणून १०० पॉइंट कापले, १ लाख डॉलर दंड आणि क्रू चीफ चार रेस घरी. दंड आणि सस्पेन्शन ड्रायव्हरला नाही बरं का, क्रू चीफला. गाडीत काही सापडलं की वारंट त्याच्या नावावर निघतं.

आता दुसऱ्या वाटेचं. पूर्वी शुक्रवार-शनिवार भरपूर प्रॅक्टिस मिळायची, गाडी आणायची, फिरवायची, आणखी फिरवायची, बदलायची. कोविडनंतर ती वीस-पंचवीस मिनिटांवर आली. म्हणजे गाडी घेऊन जाणारा ट्रक दुकानातून सोडतानाच गाडी जवळजवळ बरोबर पाहिजे, आणि ती बरोबर करतात सिम्युलेशनवर. शिवाय प्रत्येक गाडीचा थ्रॉटल, ब्रेक, स्टिअरिंगचा डेटा नॅसकार सगळ्या टीमना देतं, म्हणजे समोरचा कुठं ब्रेक मारतोय ते तू बसल्या जागी बघू शकतोस. रेस चालू असताना इकडं दुकानात इंजिनिअर स्क्रीनसमोर बसलेले असतात आणि ट्रॅकवरच्या क्रू चीफला सांगत असतात. म्हणून आजकाल रस्ता असा होतो की इंजिनिअरिंगची डिग्री, मग टीममध्ये ज्युनिअर, मग रेस इंजिनिअर, आणि मग नशीब असलं तर ती खुर्ची.

डेरियन ग्रबचं करिअर वाच तू. व्हर्जिनिया टेकचा मेकॅनिकल इंजिनिअर. २००६ च्या डेटोना ५०० च्या वेळी चॅड नाउस गाडीतल्या मागच्या काचेच्या भानगडीवरून सस्पेंड झाला, ऐनवेळी ग्रबला त्या खुर्चीत बसवलं आणि जॉन्सन ती रेस जिंकला. म्हणजे नॅसकारच्या सगळ्यात मोठ्या रेसचा क्रू चीफ, तोही बदली म्हणून. पुढं तो टोनी स्टुअर्टकडं गेला. २०११ ला सीझन संपायच्या आधीच त्याला सांगितलं होतं की पुढच्या वर्षी तू नाहीस. आता आपल्याकडं असं सांगितल्यावर माणूस उरलेले महिने काय काम करेल सांगा. यानं काय केलं, शेवटच्या दहा रेसपैकी पाच जिंकून दिल्या, स्टुअर्ट आणि कार्ल एडवर्ड्सचे पॉइंट शेवटी सेम झाले, जास्त विजय म्हणून टायटल स्टुअर्टला, आणि त्यानंतर याला खरंच काढलं. पुढच्या वर्षी तो जो गिब्सच्या टीममध्ये डेनी हॅमलिनबरोबर.

मला विचारशील तर या धंद्याची खरी गोष्ट ही आहे. गाडी हरली की ड्रायव्हर बदलत नाहीत, त्याच्या नावावर स्पॉन्सर असतो. बदलतात क्रू चीफला.

---

कोईमतूर_पिटलेन

मी मूळचा तासगावचा. काही सीझन कोईमतूरला आणि चेन्नईला रेस टीममध्ये मेकॅनिक होतो, आता पुण्यात. वरची चर्चा भारी आहे पण पोराला अमेरिकेतलं सांगून काय उपयोग, त्यानं उद्या सकाळी काय करायचं ते सांगा की.

आपल्याकडं नॅसकारसारखं गोल ट्रॅकवरचं स्टॉक कार रेसिंग नाही हे पहिलं लक्षात घे. पण करी मोटर स्पीडवे, चेट्टीपाळयम, आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, इथं नॅशनल चॅम्पियनशिप होतात, फॉर्म्युला गाड्या आणि टुरिंग कार. तिथं टीमला माणसं लागतात. काम बहुतेक रेसच्या वीकेंडपुरतं असतं, वर्षभराचा पगार धरून जाऊ नको, बाकीचे दिवस दुसरं काहीतरी करायला लागतं. पण तिथं तुला चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून कॉर्नर वेट, म्हणजे प्रत्येक चाकावरचं वजन, काढायला मिळतं, म्हणजे वरच्या दादांनी सांगितलेलं वेज तू डोळ्यानं बघशील. माझ्या हाताखाली आलेल्या पोरांना तो कागद समजला की डोळे चमकायचे.

आणखी एक, वही ठेव. गाडी आत आली की लगेच टायरचं तापमान तीन ठिकाणी घ्यायचं, आत, मधे, बाहेर. मधे जास्त तापला तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या तर हवा कमी, आतली कड खूप तापली तर बहुतेक कॅम्बर, म्हणजे चाकाचा तिरपेपणा, जास्त झालाय. थंड असताना हवा किती होती, गरम झाल्यावर किती, आभाळ होतं का ऊन, सगळं लिहायचं. ड्रायव्हर काय बोलला ते त्याच्याच शब्दात लिहायचं, आपलं डोकं लावून नाही. हे मामाच्या गॅरेजात पण करता येतं, गिऱ्हाईकाची तक्रार, काय बदललं, फरक काय पडला. महिनाभर केलंस तर तुझं तुला दिसेल की आपण किती वेळा अंदाजानं पार्ट बदलतो.

आपल्याकडचं कुणी गेलंय का विचारलंस ना, ड्रायव्हर गेलाय. कोईमतूरचाच नारायण कार्तिकेयन, २०१० ला नॅसकारच्या ट्रक सिरीजमध्ये उतरला, पहिली रेस मार्टिन्सव्हिल, १३ वा आला, आणि त्या वर्षी त्या सिरीजचा मोस्ट पॉप्युलर ड्रायव्हर म्हणून लोकांनी त्यालाच मतं दिली.

---

तालीमवाला_कराड

एक शंका. ते टायर बदलणारे, जॅक लावणारे, ते पण असेच शिकून येतात का? कारण त्यांची अंगं बघितली तर आमच्या तालमीतली वाटतात.

---

शार्लोटचा_सांगलीकर

तालीमवाले, बरोबर ओळखलंत. ते खेळाडूच असतात, कॉलेजात फुटबॉल, कुस्ती खेळलेले. ही पद्धत हेंड्रिकनं १९९२ च्या आसपास सुरू केली, स्टॅनफर्डला फुटबॉल खेळलेला एक जण, अँडी पापाथनासियू, त्याला पिट क्रूचा कोच म्हणून घेतलं. २०१८ पासून पिटची भिंत ओलांडून पाचच जण जातात, दोघं टायर बदलणारे, एक टायर उचलणारा, जॅकवाला आणि पेट्रोलवाला. नेक्स्ट जेनमध्ये चाकाला पाच नटांऐवजी मधे एकच मोठा नट आहे, त्यामुळं चार टायर दहा सेकंदाच्या आत होतात. पण ती वाट वेगळी आणि क्रू चीफची वेगळी. नाउस टायर बदलत वर आला तसा आज क्वचितच कुणी येईल. तरी पण खाशाबांच्या गोळेश्वरचा एखादा पैलवान जॅक घेऊन धावताना बघायला मला लय आवडेल.

---

मेकॅनिकलच्या_मॅडम

मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, कॉलेज सांगत नाही. मिस्त्री काकांचा मान राखून सांगते, नुसत्या हाताच्या कामावर परदेशात कुणी बोलावत नाही. व्हिसाला डिग्री बघतात. तू डिप्लोमानंतर डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन घे, मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाईल. आणि कॉलेज निवडताना बिल्डिंग नको बघू, तिथं बाहा किंवा फॉर्म्युलाची (पोरांनी गाडी बांधायच्या कॉलेज स्पर्धा) टीम जिवंत आहे का ते बघ, वर्कशॉप रात्री उघडं असतं का ते विचार. बाहामध्ये पोरं एका माणसाची ऑफरोड गाडी स्वतः बांधतात, शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स रेस असते. बरीच वर्षं सगळ्यांना एकच ३०५ सीसीचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन होतं, त्यामुळं ताकदीवर कुणी जिंकत नव्हतं, सस्पेन्शन आणि नियोजनावर जिंकायचे. तुला जे करायचंय त्याच्या जवळचं यापेक्षा इथं दुसरं काही मिळणार नाही. पोरं गाडी कुणी चालवायची यावर भांडतात, पिटमध्ये कोण निर्णय घेणार यावर कुणी भांडत नाही, ती जागा मोकळीच असते. ती घे.

पुढं एम.एस. करायचं तर शार्लोटच्याच विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग आहे. अमेरिकेत मेकॅनिकलसारख्या विषयात शिकलं की त्याच व्हिसावर तीन वर्षांपर्यंत काम करायची परवानगी मिळते, टीमच्या दारात पाय ठेवायचा तो काळ. पण खर्च मोठा आहे, कर्ज काढून जायचं असेल तर रेसिंगची नोकरी लागेलच असं धरून काढू नको. व्हेईकल डायनॅमिक्स, म्हणजे गाडी चालताना कशी वागते याचं शास्त्र, आलेल्या पोराला पुण्यात-चाकणला टेस्टिंगमध्ये पण काम मिळतं, घरच्यांना हे सांग, त्यांनाही जरा हायसं वाटेल.

---

एमआयडीसी_मिस्त्री

मॅडम, तुमचं खरं असेल. पण तुमच्या डिग्रीवाल्या पोरांना टॉर्क रेंचचा क्लिक ऐकू येत नाही, नट तुटेपर्यंत फिरवतात, ते पण लिहा.

---

मेकॅनिकलच्या_मॅडम

लिहिते 😀 अगदी मान्य. म्हणूनच डिप्लोमाची पोरं मला टीममध्ये जास्त आवडतात.

---

पेठनाक्याचा_पाना

सगळ्यांचे लय आभार, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. मामाला दाखवलं, तो काकांच्या बाजूनं आहे 😅 डायरेक्ट सेकंड इयरचं पक्कं करतोय. वही आजच चालू केली, पहिली नोंद एका पिकअपची, डाव्या बाजूचे दोन्ही टायर आतून खाल्लेत.

एक शेवटचं विचारतो. ड्रायव्हर आणि क्रू चीफचं पटलं नाही तर? रेडिओवर एवढं भांडतात की मला वाटतं रेस झाल्यावर मारामारी होईल.

---

शार्लोटचा_सांगलीकर

होतं की. नाउस आणि जॉन्सनचंच घे. २००५ च्या शेवटी दोघांचं इतकं फाटलं होतं की वेगळे होणारच होते. मालक रिक हेंड्रिकनं दोघांना मीटिंगला बोलावलं आणि टेबलावर काय ठेवलं तर दूध, कुकीज आणि मिकी माऊसच्या प्लेटा. म्हणजे पोरांसारखं भांडताय ना, मग पोरांसारखंच बसा, खा आणि मनात काय आहे ते बोला. दोघं बोलले, एकत्र राहिले, आणि पुढच्याच वर्षापासून ती सलग पाच टायटल.

पण प्रत्येक वेळी असं गोड होत नाही. डेल अर्नहार्टचा क्रू चीफ कर्क शेलमर्डीन, चार टायटल जिंकून दिली, आणि १९९२ च्या शेवटी, वय चौतीस, जोरात चाललेलं सगळं सोडून दिलं. भांडण नव्हतं, दमला होता, आणि त्याला स्वतःला गाडी चालवायची होती.

पिकअपचं मात्र आधी टो-इन (चाकं पुढून आत वळलीत का ते) बघ, लगेच टायर बदलायला सांगू नको गिऱ्हाईकाला. एकाच बाजूचे दोन्ही गेलेत तर मागचा ॲक्सल सरळ बसलाय का ते पण माप.

---

पेठनाक्याचा_पाना

मापला. मागं एका बाजूला ॲक्सल पुढं सरकलाय, यू-बोल्ट सैल होता. मामा म्हणतोय हे मी बघायच्या आधीच त्याला माहीत होतं.